विशेष मुलांची संस्था काढताना

गावात देऊळ बांधायचे म्हटले की वर्गणी जमते. शाळा काढायची म्हटली की कुणीतरी जागा देतो. पण ज्या मुलाला दहा वर्षांचे झाले तरी स्वतःच्या सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, ज्याला भूक लागली हे शब्दांत सांगता येत नाही, त्याच्यासाठी काही काढायचे म्हटले की माणसे थबकतात. मन नसते असे नाही. मन असते, पण पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो : "हे आपण काढू शकतो का? याला परवानगी कुणाची लागते?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचेच उत्तर आज आपण सावकाश, पायरी पायरीने पाहणार आहोत.

उदाहरणासाठी आपण धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर हे गाव घेऊ. सास्तूरचे नाव महाराष्ट्राला कळले ते दुःखाच्या दिवशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारीप्रमाणे सास्तूरही जमीनदोस्त झाले. नंतर नवी गावठाणे वसली, मदत घेऊन देशोदेशीच्या संस्था आल्या. पुनर्वसनाचे काम संपले तसे त्यांतल्या काही परत गेल्या, काही राहिल्या, काही इथल्याच माणसांनी उभ्या केल्या. आज सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, निवासी दिव्यांग शाळा आहे. म्हणजे संस्था या शब्दाला हे गाव नवखे नाही. संस्था कशी येते, कशी टिकते आणि कशी जाते, हे तिथल्या माणसाने डोळ्यांनी पाहिले आहे.

आता समजा, सास्तूर, माकणी, होळी, राजेगाव या आसपासच्या गावांतल्या सात-आठ पालकांनी मनावर घेतले, की आपल्या मुलांसाठी आपणच एक संस्था काढू. कुणाच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, कुणाचे मूल स्वमग्न आहे, कुणाच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नाही. ही सारी अपंगत्वे वाढीच्या वयातच, किंबहुना जन्मापासून, सोबत येतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. म्हणून त्यांना विकासात्मक अपंगत्व म्हणतात.

इथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की मतिमंदत्व आणि मानसिक आजार हे एकच. ते एक नव्हेत. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि औषधोपचाराने पुष्कळदा बराही होतो. बुद्धीची वाढ अपुरी राहणे ही आजाराची गोष्ट नाही. कायदाही हा भेद मानतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले आहे. त्यामुळे मनोरुग्णांच्या संस्थेचा परवाना वेगळा आणि आपल्या या मुलांच्या संस्थेचा दाखला वेगळा. चुकीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले, तर वर्ष फुकट जाते.

आधी ठरवा, काय काढायचे

"संस्था काढायची" एवढ्याने भागत नाही. दिवसाची शाळा काढायची, की मुले राहतील असे वसतिगृह? लहान बाळांसाठी लवकर उपचाराचे केंद्र, की अठरा वर्षांपुढच्यांसाठी कार्यशाळा? या चार गोष्टींना माणसे वेगळी लागतात, जागा वेगळी लागते, पैसा वेगळा लागतो. अर्जातही त्यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो.

माझे असे सुचवणे आहे, की प्रथम मुले मोजावीत. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना विचारावे. गावाच्या शाळेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक फेरीवर येतात, त्यांना विचारावे. मग एका वहीत लिहावे : गाव, वय, अपंगत्व कोणते, दाखला आहे का, मूल शाळेत जाते का, घरी सांभाळणारे कोण आहे. ही वही म्हणजे संस्थेचा पाया. पुढे अधिकारी विचारतील, "संस्थेची गरज काय?" तेव्हा भाषण देण्यापेक्षा ही वही पुढे ठेवणे बरे.

वही भरताना बहुधा असे दिसेल, की निम्म्या पालकांना वसतिगृह नको आहे. त्यांना मूल घरीच हवे आहे. दिवसातले पाच-सहा तास कुणी शिकवावे, म्हणजे आईला रानात जाता येईल, एवढेच त्यांचे मागणे असते. असे असेल तर दिवसाची शाळा काढावी आणि वाहनाची सोय पाहावी. निवासी गृह ही सर्वांत जोखमीची गोष्ट आहे, ते खरोखर ज्याला घर नाही किंवा ज्याचे घर फार दूर आहे त्याच्यासाठी. शिवाय ज्या मुलांना आईबापच नाहीत अशांना ठेवायचे असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालची नोंदणी वेगळी करावी लागते आणि मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच घ्यावे लागते. रस्त्यावर सापडले म्हणून आणले आणि ठेवून घेतले, असे चालत नाही.

मुलांच्या दाखल्याचे कामही याच वेळी हाती घ्यावे. अपंगत्वाचा दाखला शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन मिळतो आणि त्याची नोंद युडीआयडी नावाच्या देशव्यापी ओळखपत्रावर होते. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. संस्थेकडे पन्नास मुले आहेत आणि दाखले अकराच आहेत, असे असले तर तपासणीच्या दिवशी मान खाली घालावी लागते.

पहिली नोंदणी : धर्मादाय कार्यालयात

कायद्याच्या नजरेत सात-आठ पालक म्हणजे नुसता घोळका. त्यांना एक देह द्यावा लागतो, तो म्हणजे नोंदलेली संस्था. आपल्या राज्यात बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदल्या जातात : १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. संस्थेसाठी निदान सात सभासद लागतात. काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या धर्मादाय कार्यालयात होते.

इथे घटना आणि नियमावली लिहावी लागते. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या संस्थेची घटना आणून नाव बदलून देतात. हे टाळावे. उद्देशांमध्ये गोपालन, वाचनालय, भजनी मंडळ, सहल असे सारे काही घालून शेवटी "अपंगांचे कल्याण" असे एक वाक्य टाकले, तर पुढे अडचण येते. राष्ट्रीय न्यास कायदा स्पष्ट म्हणतो, की ज्या संस्थेचा मुख्य उद्देश दिव्यांगांचे कल्याण हा आहे तिने, किंवा पालकांच्या संघटनेने, किंवा दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनेने नोंदणी मागावी. तेव्हा मुख्य उद्देश मुख्य जागी लिहावा.

दुसरी गोष्ट विश्वस्त बदलण्याची. कुणी वारले, कुणी राजीनामा दिला, की त्या बदलाचा अहवाल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्याला लोक चेंज रिपोर्ट म्हणतात. हा अहवाल राहिला की कागदावर जुनेच मंडळ राहते आणि कामावर नवे. मग बँक सह्या मानत नाही, अनुदानाची फाईल थांबते, आणि दोन गट झाले तर मुलांचे जेवण मधल्यामध्ये अडकते. दरवर्षीचा हिशेब तपासून घेणे आणि बदल वेळच्या वेळी कळवणे, या दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात.

दुसरी आणि मुख्य नोंदणी : दिव्यांग हक्क कायद्याखाली

आता मूळ विषयाकडे येऊ. "धर्मादायची नोंदणी झाली, आता मुले घेऊ या," असे पुष्कळांना वाटते. थांबा! धर्मादायची नोंदणी म्हणजे संस्था जन्मली, एवढेच. दिव्यांगांसाठी काही चालवण्याचा अधिकार तिला अजून मिळालेला नाही.

हा अधिकार दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने मिळतो. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी १९९५ चा कायदा होता आणि त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. नव्या कायद्यात एकवीस आहेत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि एकाहून अधिक अपंगत्वे असणे, ही सारी त्यात आली आहेत. या कायद्याचे नववे प्रकरण, म्हणजे कलम ४९ ते ५५, संस्थांच्या नोंदणीचे आहे. ज्यांना संस्था काढायची आहे त्यांनी ही सात कलमे तरी स्वतः वाचावीत. दोन-तीन पानांचा मजकूर आहे, वकील लागत नाही.

त्यातला सारांश असा. राज्य सरकार एक सक्षम प्राधिकारी नेमते. त्याच्या नोंदणी प्रमाणपत्रावाचून कुणालाही दिव्यांगांची संस्था काढता किंवा चालवता येत नाही. शासनाने स्वतः चालवलेल्या संस्था तेवढ्या यातून वगळल्या आहेत. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. म्हणजे "आम्ही फुकट सेवा करतो, आम्हाला कसली नोंदणी?" हे म्हणणे टिकत नाही. सेवा फुकट असो वा पैसे घेऊन, दाखला हवाच.

आपल्या राज्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्याला आहे. जिल्ह्यातले काम वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत होत आले. २०२२ च्या डिसेंबरात राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, आणि तेव्हापासून कार्यालयांची रचना बदलत आली आहे. म्हणून अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, नमुना कोणता, तो संगणकावरून भरायचा की हाताने, हे धाराशिवला जाऊन आधी विचारून घ्यावे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राच्या जुन्या अर्जाची प्रत पुढे ठेवून भरू नये.

अर्ज दिला म्हणजे काय होते? प्राधिकारी चौकशी करतो, माणूस पाठवून जागा पाहतो. सारे योग्य वाटले तर अर्ज मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत प्रमाणपत्र द्यावे, असे कायदा सांगतो. नाकारायचे असेल तर आधी अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि नकार लेखी कळवावा लागतो. त्यावर अपीलही करता येते. हे अर्जदाराचे हक्क आहेत. कचेरीत कुणी नुसते "होणार नाही" म्हटले तर रागावू नये आणि घाबरूही नये. "साहेब, आपण म्हणता ते लेखी द्या," असे नम्रपणे म्हणावे. नव्वद दिवस मोजता यावेत म्हणून अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. पोच न घेतलेला अर्ज हा न दिलेला अर्ज, असे समजा.

प्रमाणपत्र मिळाले की ते दर्शनी भागात लावावे, अशी कायद्याचीच आज्ञा आहे. येणाऱ्या पालकाला ते वाचता आले पाहिजे. त्याला मुदत असते. मुदत संपण्याच्या निदान साठ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला लाल खूण करून ठेवावी.

तपासणीला येणारा माणूस काय पाहतो?

तो प्रथम माणसे पाहतो. या मुलांना शिकवणारा शिक्षक नुसता मायाळू असून भागत नाही. भारतीय पुनर्वास परिषद म्हणून एक परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नावे तिच्या नोंदवहीत असावी लागतात. मान्य पात्रता आणि नोंद नसताना हे काम करणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्या कायद्यात आहे. तेव्हा नेमणूक करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत पाहावी.

आता अडचण अशी, की लोहारा तालुक्यात असा शिक्षक यायला तयार होतो का? आला तरी टिकतो का? शहरातला माणूस वर्षभरात बदली नाही तर दुसरी नोकरी पाहतो. त्यापेक्षा गावातलीच बारावी झालेली दोन मुले-मुली निवडावीत, त्यांना विशेष शिक्षणाच्या मान्य पदविकेला पाठवावे आणि त्यांच्या फीला गावाने हातभार लावावा. दोन वर्षे लागतील. पण तो शिक्षक सास्तूरचा असेल, मुलांची बोली त्याला कळेल आणि तो टिकेल. वाचा-उपचार वा व्यायामोपचार करणारे मात्र आठवड्यातून ठरल्या दिवशी येतील अशी व्यवस्था करता येते. ती लेखी असावी.

वर्गात आठ-दहांहून अधिक मुले घेऊ नयेत. प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा लागतो. एकाला चमचा धरायला शिकवायचे आहे, दुसऱ्याला बसचा नंबर ओळखायला. फळ्यावर एकच धडा लिहून हे होत नाही. प्रत्येकाची फाईल असावी. मूल जूनमध्ये काय करत होते आणि मार्चमध्ये काय करते, हे तीन ओळींत लिहिलेले असावे. अधिकारी चांगला असेल तर तो इमारतीपेक्षा ही फाईल आधी मागतो.

मग तो जागा पाहतो. दार निदान नव्वद सेंटिमीटर रुंद असावे, म्हणजे चाकाची खुर्ची जाते. उताराचा चढ बारा फुटांना एक फूट, त्याहून उभा नको. संडासात धरायला दांडा हवा, फरशी घसरडी नको, कडी बाहेरूनही उघडता यावी. स्वयंपाकघर, पाणी, आग विझवण्याची साधने, औषधांचे कुलूपबंद कपाट, मुली आणि मुलगे यांची झोपायची वेगळी सोय.

आणि सास्तूरला एक गोष्ट अधिक. १९९३ ला माणसे मेली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. त्यापूर्वी हा प्रदेश भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानत असत, आणि २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. धडधाकट माणूस हादरा बसला की धावत बाहेर पडतो. आपल्या मुलांपैकी काहींना धावता येत नाही, काहींना धावावे हे कळत नाही, आणि काही आवाजाने घाबरून खाटेखाली जाऊन बसतात. म्हणून इथले वसतिगृह तळमजल्यावरच असावे, बांधकाम भूकंपरोधक असल्याचा अभियंत्याचा दाखला घ्यावा, आणि महिन्यातून एकदा घंटा वाजवून सर्वांनी मैदानात जमायचा सराव करावा. या मुलांना सांगून कळत नसले तरी सवयीने पुष्कळ कळते. नियमात हे नसले तरी सास्तूरच्या माणसाला त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

दाखला कशासाठी?

"इतके कागद कशाला? चांगले काम करायचे आहे, तर करू द्या की!" असे कुणी वैतागून म्हणेल. त्याला उत्तर दिले पाहिजे.

२०१० आणि २०११ मध्ये ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या मतिमंद मुलांच्या निवासी गृहांतले प्रकार उघडकीला आले. कुठे मुलांची उपासमार झाली होती, तर पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका गृहात मुलींवर अत्याचार झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने या गृहांची स्वतःहून दखल घेतली. ज्या मुलाला बोलता येत नाही ते तक्रार करू शकत नाही, आणि ज्याला आईबाप नाहीत त्याला रविवारी भेटायलाही कुणी येत नाही. अशा मुलाच्या वतीने विचारणारा कुणीतरी असावा, म्हणून दाखला, म्हणून तपासणी.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावर विलोब्रुक नावाची मोठी संस्था होती. चार हजारांच्या जागेत सहा हजार मतिमंद मुले-माणसे कोंडली होती. १९७२ साली दूरचित्रवाणीने आतली दृश्ये दाखवली तेव्हा सारा देश हादरला. पालक न्यायालयात गेले, १९७५ साली निकाल झाला आणि लोकांना लहान लहान घरांत हलवण्याचे काम सुरू झाले. १९८७ साली विलोब्रुक बंद झाली. ध्यानात घ्या, ती संस्था सरकारचीच होती. तेव्हा शिक्का असणे हे पुरेसे नाही. आत कोण येते-जाते, कोण पाहते, कोण विचारते, हे अधिक महत्त्वाचे. म्हणून माझे म्हणणे असे, की तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता संस्थेचे दार पालकांना सदैव उघडे ठेवावे. ज्या संस्थेत पालकाला न सांगता येता येत नाही, तिथे मूल ठेवू नये.

कर्मचारी नेमताना पोलीस पडताळणी करून घ्यावी. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यानुसार असा प्रकार कळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "संस्थेची बदनामी होईल" ही सबब कायद्यात नाही, आणि माणुसकीतही नसावी.

दाखला मिळवताना खोटी माहिती दिली किंवा अटी मोडल्या, तर तो रद्द होतो. त्या वेळी मुलांना पालकांकडे परत पाठवतात किंवा दुसऱ्या संस्थेत हलवतात. स्वमग्न मुलाला जेवणाची थाळी बदललेली सोसत नाही. त्याचे घर, माणसे, अंथरूण सारे एका दिवसात बदलले तर काय होत असेल, याची कल्पना करा. कागद नीट ठेवायचे ते साहेबासाठी नव्हेत, या मुलासाठी.

नोंदणी, मान्यता आणि अनुदान

आता सर्वांत मोठा गोंधळ. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, आणि मान्यता म्हणजे अनुदान नव्हे. नोंदणीने संस्था चालवायचा हक्क मिळतो. शाळा म्हणून मान्यता शासन वेगळी देते. आणि पगाराचे पैसे द्यायचे की नाही हे शासन त्याहून वेगळे ठरवते. विनाअनुदान तत्त्वावर शाळा घेऊन "दोन वर्षांत अनुदान येईल" या आशेवर शिक्षक नेमले, आणि ते वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबले, असे महाराष्ट्रात पुष्कळ झाले आहे. शिक्षक घेताना त्याला खरी स्थिती सांगावी.

केंद्र सरकारची दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजना आहे. तीत स्वयंसेवी संस्थांना मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यासाठी दिव्यांग कायद्याखालची नोंदणी लागते आणि आधीच्या कामाचा दाखला लागतो. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे स्वतःच्या बळावर काढायची तयारी हवी. सात-आठ पालकांनी हा हिशेब पहिल्याच बैठकीत मांडावा : शिक्षकांचा पगार, गाडीचे डिझेल, भाडे, जेवण. तीन वर्षांचा पैसा कुठून येणार हे कागदावर बसत नसेल, तर लहान काढावे. दहा मुलांची नीट चाललेली शाळा पन्नास मुलांच्या आजारी वसतिगृहापेक्षा शतपटीने बरी. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली एका आईबापांनी आपल्या एका मुलीच्या गरजेतून सुरू केली. पुण्याची कामायनी १९६४ साली निघाली. मोठ्या झालेल्या संस्थांची सुरुवात अशी लहानच असते.

अठरा वर्षांनंतर

एक शेवटचा मुद्दा राहिला. संस्था काढताना सर्वांच्या डोळ्यांपुढे मूल असते. पण मूल मोठे होते. अठरा पूर्ण झाली की कायद्याने ते सज्ञान. मग त्याच्या बँकेच्या खात्यावर सही कुणी करायची? शस्त्रक्रियेला संमती कुणी द्यायची? आईबापांनाही आता आपोआप तो हक्क राहत नाही.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी तो केला आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तीत जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सभासद असतात. ही समिती सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमते. आपल्या संस्थेने राष्ट्रीय न्यासाकडेही नोंदणी केली, तर पालकांना हे अर्ज भरून देता येतात. निरामय नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही मिळवून देता येते.

आणि ज्यांना कुणीच नाही त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरला. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले, आणि अठरा झाली म्हणून अशा मुलांना घराबाहेर काढू नये असा आग्रह धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण एकेका शंकरबाबाच्या खांद्यावर सारा जिल्हा टाकता येत नाही. "आमच्या मागे याचे कसे?" हा प्रत्येक आईबापाच्या उशाशी बसलेला प्रश्न आहे. संस्थेच्या घटनेत त्याचे उत्तर पहिल्या दिवशी लिहून ठेवले, तर संस्था खरी.

तर श्रोतेहो, वाट अशी आहे : मुले मोजा, काय काढायचे ते ठरवा, धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवा, शिक्षक आणि जागा सिद्ध करा, दिव्यांग कायद्याखाली अर्ज द्या, पोच घ्या, नव्वद दिवस मोजा, दाखला मिळाला की मुले घ्या, राष्ट्रीय न्यासाची नोंदणी करा, आणि अनुदानावर विसंबू नका. यांतली एकही पायरी अशी नाही, की जी सास्तूरच्या सात-आठ शहाण्या माणसांना चढता येणार नाही. ज्या गावाने अख्खे गावठाण पुन्हा वसवले, त्याला एक शाळा वसवणे जड नाही. मात्र पहिल्या पायरीची वही आजच घ्यावी. मुले आहेत, ती घराघरांत बसून आहेत, आणि त्यांचे वय कुणाच्या अर्जासाठी थांबत नाही.